नॅव्हिक्युला तुळशीरामी

फ्लेक्स प्रयोगशाळेच्या दारातून आत येईना. लाकडी चौकटीवर ठोकलेलं, दहा फूट लांब आणि सहा फूट उंच. इस्तारीने ते आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, शेवटी तिरकं धरून अर्धं आत घातलं आणि ते तिथेच अडकलं.

"मॅडम, बाहेर व्हरांड्यातच ठेवू का जी?" तो फ्लेक्सच्या पलीकडून ओरडला. "पण बकऱ्या चाटतीन."

"चाटू दे," मी म्हणाले.

मी थट्टा करत नव्हते. त्या फ्लेक्सचा मला सकाळपासून राग आला होता. डावीकडे गोल चौकटीत बाबूजी, म्हणजे आमच्या संस्थेचे कैलासवासी संस्थापक तुळशीराम कटरे, पांढरी टोपी घालून हसत होते. उजवीकडे एक डायटम पसरला होता, होडीएवढा. वर लिहिलं होतं, 'बाबूजींच्या जन्मशताब्दीनिमित्त महाविद्यालयाची जगाला भेट : नॅव्हिक्युला तुळशीरामी.' खाली, 'संशोधक : डॉ. उल्हास निनावे, विभागप्रमुख, वनस्पतिशास्त्र.' ज्या बाईने तो डायटम तलावातून खरवडून आणला, ॲसिडमध्ये उकळला आणि त्याचा फोटो काढला, त्या बाईचं, म्हणजे माझं नाव कुठेही नव्हतं. ज्योत्स्ना गभणे. एवढंसं तर नाव आहे. बाबूजींच्या टोपीवरसुद्धा मावलं असतं.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी तेव्हा आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर शिमगा. विभागात एक कायम जागा निघाली होती आणि येत्या सोमवारी तिची मुलाखत होती. मुलाखतीला अध्यक्षाच्या खुर्चीत बाबूजींचे चिरंजीव दादासाहेब कटरे बसणार होते. शताब्दीचा सोहळा शनिवारी. आणि हे फ्लेक्स आलं तो गुरुवार.

डायटम म्हणजे पाण्यातलं एक सूक्ष्म शैवाल. एकाच पेशीचा जीव, पण स्वतःभोवती काचेची पेटी करून राहतो. त्या पेटीवर इतक्या बारीक रेघांची नक्षी असते, की पहिल्यांदा बघणारा माणूस भिंगावरून डोळा काढत नाही. मीही काढला नव्हता. मात्र ती नक्षी बघायची तर आधी घाणीत हात घालावा लागतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. आमच्या गावच्या तलावात उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलचं पाणी येतं. धान उकळलेलं ते पाणी चार दिवस साचलं की असा वास सुटतो, की माणसाला स्वतःच्या जेवणाची शिसारी यावी. त्या नाल्याच्या तोंडाशी दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर बसतो, शेंबडासारखा. गुडघाभर पाण्यात उभं राहून तो थर दात घासायच्या ब्रशने खरवडायचा, बाटलीत भरायचा, प्रयोगशाळेत ॲसिडमध्ये उकळायचा. सगळं सडकं जळून जातं आणि उरते ती फक्त काच. हे काम मी तीन वर्षं केलं. निनावे सर तलावावर एकदाच आले होते, नाकाला रुमाल लावून, फोटो काढून घेण्यापुरते.

इस्तारीने शेवटी खिडकीचे गज धरून फ्लेक्स आत ओढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तो आमचा प्रयोगशाळा परिचर, तलावाकाठच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातला. घाम पुसत तो फ्लेक्ससमोर उभा राहिला.

"हे आपल्या तलावातलं हाय?"

"हो."

"एवढं मोठं?"

"टाचणीच्या डोक्यावर अशी शंभर मावतील."

"मंग एवढं मोठं कायले केलं?" असं म्हणून तो चहा आणायला गेला.

मी एकटीच त्या फ्लेक्ससमोर उभी राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हा फोटो मी निदान दोनशे वेळा बघितला होता, पण तिथे तो वीतभर. इथे एकेक रेघ माझ्या बोटाएवढी जाड होती. कडेने जाड रेघा, मध्ये नावेच्या आकाराचा एक वेगळा पट्टा आणि त्या पट्ट्यात अगदी बारीक, दाट रेघा. जाड आणि बारीक अशा दोन तऱ्हेच्या रेघा एकाच पेटीवर, म्हणूनच तर छापून आलेल्या पेपरात ती नवी जात ठरली होती. मी उजव्या टोकाशी वाकले. तिथे एक जाड रेघ मधल्या पट्ट्यापाशी येऊन थांबत होती आणि पट्टा ओलांडून पलीकडे, त्याच सरळ रेषेत, पुन्हा सुरू होत होती. शेजारची रेघही तशीच. तिच्या शेजारचीही.

गोधडीवर ठिगळ लावलं की खालच्या कापडाचे पट्टे जसे ठिगळाखाली जातात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतात, तसं.

मी कॉम्प्युटर चालू केला.

शंभरपटीच्या भिंगाखाली डायटम सबंध कधीच स्पष्ट दिसत नाही. त्याचा वरचा भाग स्पष्ट असला की खालचा धूसर, खालचा आला की वरचा गेला. म्हणून सूक्ष्मदर्शकाचं बारीक चाक, त्यावरच्या मापाच्या रेघांनी, अर्धी अर्धी रेघ फिरवायचं आणि दर वेळी एक फोटो घ्यायचा. या फोटोसाठी मी असे अडतीस फोटो घेतले होते. मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला फक्त स्पष्ट तुकडा उचलतं आणि सगळे तुकडे जोडून एक सबंध फोटो बनवतं, डोक्यापासून पायापर्यंत स्पष्ट. ही फार सुंदर गोष्ट आहे. फक्त सॉफ्टवेअरला हे कळत नाही, की आपण जे जोडतो आहोत ते एकाच जिवाचं आहे की नाही.

मी ते अडतीस फोटो एकामागून एक पुढे ढकलले. पहिले पाच धुकट. सहाव्यापासून एक लहान डायटम वर यायला लागला, बारीक रेघांचा. बाराव्यात तो पूर्ण होता, दोन्ही टोकं बंद. मग तो विरघळला. अठराव्या-एकोणिसाव्यात काहीच धड दिसत नव्हतं. चोविसाव्यापासून खालून दुसरा आला, मोठा, जाड रेघांचा. तोही पूर्ण. दोघंही कुठल्याही डबक्यात सापडणारे. काचेवर थेंब वाळताना लहाना मोठ्याच्या पाठीवर बसला होता, इतकंच.

नवी जात वगैरे काही नव्हती. दोन जुन्या जाती होत्या, एकावर एक.

चूक माझी होती. चाक फिरवताना डोळा भिंगावरून काढायचा नाही, हा पहिला धडा. पण दिवसाला तीस-चाळीस डायटम उरकायचे असत. मी चाकावरच्या रेघा मोजत होते आणि बटण दाबत होते. बघत नव्हते. डोळा भिंगाला असता तर एक जाऊन दुसरा येताना मला तेव्हाच दिसला असता.

निनावे सर दुपारी आले. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. ते खर्रा कधी थुंकत ते कळायचं, कारण ज्या बेसिनमध्ये आम्ही काचपट्ट्या धुवायचो तिथेच थुंकायचे. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि अडतीस फोटो एकेक करून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत बघितले. मग उठले, बेसिनपाशी गेले, पिचकारी मारली, नळ सोडला नाही.

"झालं?" ते म्हणाले.

"सर, हे दोन आहेत."

"कळलं ना मला. आंधळा हाय का मी?"

"मग आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? पेपर छापून आला. दादासाहेबांनी मंत्र्यांना बोलावलं. पत्रिका वाटून झाल्या." ते माझ्या अगदी जवळ आले. चुना आणि सुपारीचा वास माझ्या तोंडावर आला. "मॅडम, तुम्ही काऊन टेन्शन घेऊन राहिल्या? भारतात डायटम ओळखणारे लोक किती? दहा. त्यातले आपला पेपर वाचणारे किती? कोणीच नाही. सोमवारी मुलाखत हाय ना तुमची?"

"हो सर."

"मग. मुलाखतीची तयारी करा. अन् हे फोटो कोणाला दाखवत नका बसू."

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी घरी जाऊन ती साडी भिजत घातली. तरीही, खरं सांगायचं तर, मला त्यांचं बोलणं ऐकून आधी हायसं वाटलं होतं. किळस नंतर आली.

शुक्रवारी अकराच्या एसटीने डोंगरवार सर आले.

डोंगरवार सर आमचे जुने विभागप्रमुख. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, राहायला साकोलीला. बी.एस्सी.ला त्यांनी मला शिकवलं. त्यांच्या काळी हे जोडाजोडीचं सॉफ्टवेअर नव्हतं. एक डोळा भिंगाला, एक हात चाकावर आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, अशी त्यांची बैठक असायची. चाक पुढे-मागे फिरवत फिरवत ते सबंध डायटम डोक्यात उभा करायचे आणि मग कागदावर उतरवायचे. एका चित्राला अख्खा दिवस. आम्ही पोरं मागून हसायचो. पण त्या चित्रांत एक रेघ इकडची तिकडे झालेली मी कधी पाहिली नाही.

आदल्या दिवाळीत त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पत्नी वारलेल्या, मुलगा दुबईला. नागपूरला त्यांच्यासोबत मी गेले. आठ दिवस त्यांच्या डोळ्यात थेंब मीच टाकले. दर दोन तासांनी, घड्याळ लावून. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "आजोबा, आता सुईत दोरा ओवाल." आणि सरांनी तिथल्या तिथे नर्सबाईंकडून सुई-दोरा मागवून ओवून दाखवला होता.

त्यांना शताब्दीचं आमंत्रण होतं, माजी विभागप्रमुख म्हणून. शनिवारी त्यांचं दोन मिनिटांचं भाषणही ठेवलं होतं. एव्हाना फ्लेक्स सभागृहाच्या दारावर चढलं होतं. सर प्रयोगशाळेत आले ते थेट तिथूनच. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

"पोरी, हे लग्न कोणी लावलं?"

"कसलं लग्न सर?"

"बाहेर टांगलंय ते. एकाच्या पाठीवर एक. लहान्याच्या खालून मोठ्याच्या रेघा जाऊन राहिल्या. तू पाह्यलं नाही का?"

ते मला विचारत होते तेव्हा माझ्या मागेच कॉम्प्युटर होता आणि पडद्यावर तोच फोल्डर उघडा होता. मी वळून फक्त पडदा बंद केला. त्यांना वाटलं असेल, बोलायला निवांतपणा हवा म्हणून.

"घाबरू नको," सर म्हणाले. स्टूल ओढून बसले. "तुझी चूक नाही. मशिनीनं जोडलं. मशिनीला काय कळते? पेपर मागं घेता येते. मोठीमोठी माणसं घेतात. चूक कबूल करणाऱ्या माणसाचं नाव होते, पोरी, जात नाही. मी बोलतो दादासाहेबांशी. त्यांचे वडील भले माणूस होते, तेही समजून घेतीन."

"सर, सोमवारी माझी मुलाखत आहे."

"मग तर बरंच झालं. खरी बाई हाय म्हणून घेतीन तुला."

असं हे बोलणं. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि जगाची ही समज. मला त्यांची दया आली नाही. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, चिडचिड झाली, अगदी त्यांच्या पिशवीचाही तिटकारा आला. यांना कोणी बोलावलं होतं? कशाला यांचे डोळे इतके चांगले असावेत?

इस्तारी चहा घेऊन आला. सरांनी चहा बशीत ओतून घेतला, शांतपणे प्यायला, आणि उठून प्राचार्यांच्या खोलीकडे गेले. मी थांबवलं नाही.

पंधरा मिनिटांनी मला बोलावणं आलं.

खोलीत प्राचार्य होते, पण ते दादासाहेबांसमोर प्राचार्य नसायचेच. स्वतःची खुर्ची दादासाहेबांना देऊन ते बाजूला फाइल चाळत बसले होते. निनावे सर खिडकीपाशी. डोंगरवार सर समोर, टोपी मांडीवर. टेबलावर पेढ्यांचं ताट होतं आणि त्यावर माशा. सकाळी कोणीतरी त्या पेढ्यांवर बोटाने दाबून बदाम बसवले होते. प्रत्येक पेढ्यावर अंगठ्याचा ठसा दिसत होता. मला ते ठसे अजून दिसतात.

"या मॅडम," दादासाहेब म्हणाले. "बसा. पेढा घ्या."

मी घेतला. हातात धरून बसले.

"मी कॉमर्सवाला माणूस. मले यातलं काही समजत नाही. डोंगरवार सर म्हणतात, बाबूजींचं नाव ज्याले दिलं ते एक नसून दोन हाय. निनावे सर म्हणतात, एकच हाय. फोटो तुम्ही काढला. बरोबर?"

"हो."

"मग तुम्ही सांगा. उद्या मंत्री येऊन राहिले. हसं नाही झालं पाहिजे. एक का दोन?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. निनावे सर बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात सुपारी चघळत होते, इतके निर्धास्त, की मला त्यांच्या जबड्याची हालचाल बघवेना. मला वाटलं होतं, ते मला डोळ्यांनी धमकावतील. त्यांना तेवढीही गरज वाटली नाही.

"एक आहे," मी म्हणाले.

"पोरी," डोंगरवार सर पुढे सरकले. आवाजात राग नव्हता, वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर असायची तशी घाई होती. "पोरी, असं पटकन नको सांगू. तुझ्याजवळ सगळे फोटो असतीन ना, सुटे? ते आण. दादासाहेबांना एकेक दाखव. पोट्ट्यालाही कळेल."

"सर, मी बघितलेत सगळे. एकच आहे."

"मग मला कसे काय दोन दिसले?"

हा प्रश्न त्यांनी मला अडवायला विचारला नव्हता. खरंच विचारला होता. शिकवतानाही ते असेच विचारायचे. आणि उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मला शोधावंही लागलं नाही.

"सर, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना," मी म्हणाले. "डॉक्टर तेव्हा मला बाजूला घेऊन बोलले होते. म्हणाले, पुढे पुढे एकाचे दोन दिसतील. रेघा एकमेकींवर आल्यासारख्या वाटतील. तुम्ही घाबराल म्हणून मी बोलले नव्हते."

डॉक्टर असं काहीही बोलले नव्हते.

सरांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि पेढ्यांच्या ताटाकडे पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. मग पुन्हा डावा. आम्ही सगळे एका म्हाताऱ्या माणसाला पेढे मोजताना बघत होतो.

"असं म्हणाले होते?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर."

"तू ऐकलं?"

"हो."

"मग असेल," सर म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मला तर बरोबर दिसते असंच वाटून राहिलं होतं. पण ज्याचा डोळा बिघडला त्याला कसं कळावं? दादासाहेब, माफी असावी. निनावे, तुमचीही. भरल्या घरात अपशकुन केला मी."

"अहो सर, वय होतेच," दादासाहेब उठून आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सरांना पेढा भरवला. सरांनी आ केला. थोडा पेढा मिशीला लागला. तो पुसावा, हे कोणाला सुचलं नाही.

बाहेर येऊन मी बेसिनपाशी गेले. हातातला पेढा माझ्या घामाने चिकट झाला होता. तो टाकला, साबणाने हात धुतले, दोनदा धुतले. ओकारी होईल असं वाटत होतं. झाली असती तर बरं वाटलं असतं. पण माणसाचं शरीरही तितकंच लबाड असतं. पाच वाजता मला चांगली भूक लागली.

शनिवारचा सोहळा थाटात झाला. मंत्री दोन तास उशिरा आले. 'नॅव्हिक्युला'चं त्यांनी 'नवकुला' केलं. तेच पुढे सगळ्यांनी म्हटलं. डोंगरवार सरांनी भाषण केलं नाही. तब्येत बरी नाही म्हणाले. पण पहिल्या रांगेत बसले होते आणि माझं नाव, निनावे सरांच्या नावामागे का होईना, माइकवर आलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यानंतरही वाजवत होते.

सोमवारी मुलाखत झाली. मला दोनच प्रश्न विचारले. दुसरा होता, "गाव कोणतं मॅडम तुमचं?" गुरुवारी ऑर्डर मिळाली.

त्या जातीचं पुढे काय झालं तेही सांगते. चार वर्षांनी पोलंडमधल्या कुठल्याशा बाईंनी आपल्या लेखात तळटीप दिली, की हा फोटो दोन डायटम एकावर एक पडल्याचा दिसतो, सबब ही जात ग्राह्य धरता येत नाही. दोन ओळी. आमच्याकडे कोणाला कळलंही नाही. निनावे सर तोवर प्राचार्य झाले होते. त्यांना मी ती तळटीप दाखवली, तर म्हणाले, "पोलंड कुठं आलं?" मला कोणी जाब विचारला नाही, नोकरी गेली नाही, दादासाहेबांची नाचक्की झाली नाही. म्हणजे त्या शुक्रवारी मी "दोन आहेत सर" म्हटलं असतं तरी फार तर एक फ्लेक्स उतरवावं लागलं असतं. आणि माझी मुलाखत गेली असती, तीही कदाचित. पण तेव्हा मला ते 'कदाचित' परवडत नव्हतं, किंवा तसं मी स्वतःला सांगत आले आहे.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते ऑर्डर मिळाली त्या गुरुवारचं.

दुपारची वेळ. मी प्रयोगशाळेत एकटी होते. इस्तारी दोन दिवस रजा घेऊन बहिणीकडे साकोलीला गेला होता, तो परत आला. खांद्यावर एक लाकडी पेटी. त्याने ती अलगद टेबलावर उतरवली, पंच्याने पुसली.

"डोंगरवार सरनं देल्ली. तुमाले द्या म्हणे."

मी कडी काढली. आत त्यांचा स्वतःचा सूक्ष्मदर्शक होता. निवृत्तीनंतर घरी काम करता यावं म्हणून घेतलेला. भिंगं एकेक करून मऊ कापडात गुंडाळलेली. सोबत न वापरलेले चित्रांचे कागद आणि टोक करून ठेवलेल्या पेन्सिलींचा जुडगा. चिठ्ठी नव्हती.

"काय म्हणाले?"

"म्हणे, मले आता याचा काई उपयोग नाई. तिकडून आल्यापासून हातच नाई लावला म्हणे. ज्योत्स्नाले दे, तिचे डोळे चांगले हायेत." इस्तारीने पंचा झटकून खांद्यावर टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "एक इचारू का जी मॅडम? मी तिथं दोन घंटे बसलो. सरनं चाय केला माह्यासाठी. बशीत वतला, एक थेंब सांडला नाई. तांदूळ निवडत होते, तं खडा बरोबर उचलत होते. खरंच त्याईले एकाचे दोन दिसतेत का?"

त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याला फक्त सरांची काळजी होती. मी हो म्हटलं असतं तरी तो ऐकणार होता आणि नाही म्हटलं असतं तर तो बहुधा तसाच मागे फिरून, मिळेल त्या गाडीने साकोलीला गेला असता आणि सरांना सांगून आला असता.

"दिसतात," मी म्हणाले. "वय झालं ना."

तेव्हा खोलीत दादासाहेब नव्हते. निनावे सर नव्हते. कायम नोकरीची ऑर्डर सही-शिक्क्यासह माझ्या पर्समध्ये होती. समोर फक्त इस्तारी होता. "हौ जी, वय झालं," असं म्हणत तो पेटी ठेवायला कपाटात जागा करू लागला.